रेघेपर्यंत पाणी

पाणी बराच वेळ न हलवता ठेवलं की पेल्याच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटून बसतात. गार पाणी हळूहळू खोलीइतकं कोमट होतं, त्यात विरघळलेली हवा बाहेर पडू लागते आणि काचेला धरून राहते. पेला उचलला, नुसता धक्का लागला, तरी त्यातले बरेचसे सुटून वर जातात. इस्पितळात आप्पांच्या पलंगाशेजारी लोखंडी कपाटावर ठेवलेल्या पेल्यात त्या दुपारी बुडबुड्यांचा अख्खा थर बसलेला होता.

"आप्पांनी पाणी घेतलं नाही वाटतं," मी म्हणाले.

"मोजूनच प्यायचंय ना त्यांना," शालन म्हणाली. तिने पेला बेसिनमध्ये रिकामा केला, विसळला आणि पुन्हा रेघेपर्यंत भरून होता तिथे ठेवला.

रेघ मी ओढली होती. आप्पांचं यकृत जवळपास निकामी झालं होतं, पोटात पाणी साठत होतं आणि डॉक्टरांनी पिण्याचं पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. स्टीलच्या भांड्यात अंदाज येत नाही, म्हणून मी घरचा काचेचा पेला आणला आणि प्रयोगशाळेतल्या पेनाने त्यावर निळी रेघ काढली. मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. अशी कामं मला कुणी न सांगताच सुचत.

शालन आणि मी कोल्हापूरला एम. एस्सी. करताना एका खोलीत राहिलो होतो. आप्पा तिचे वडील. इस्लामपूरजवळच्या गावात त्यांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. होस्टेलवर येताना ते भाजलेल्या शेंगांची पिशवी आणत, अर्धी तिला, अर्धी मला. माठातलं पाणी शालनने दिलं की एका दमात तांब्या संपवून पुन्हा पुढे करत आणि म्हणत, "अजून." आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. कुठल्याशा जुन्या काविळीने आतल्या आत यकृत खाल्लं होतं. आता दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवण्याखेरीज उपाय नव्हता. रक्तगट जुळणारी जवळची माणसं घरात दोनच होती. एक शालन आणि दुसरा तिचा भाऊ जयवंत.

तपासण्या फक्त शालनच्या चालल्या होत्या.

त्यासाठी ती नगरहून पुण्याला आली आणि माझ्याकडे उतरली. सोबत नवरा, मिलिंद, होता. पण तो वॉर्डात येत नसे. फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीजवळ मोटरसायकलला टेकून वर्तमानपत्र वाचत उभा राही. "मला बघून त्यांना त्रास व्हायला नको," एवढंच तो म्हणाला होता. म्हणून एक्स-रेपासून रक्तापर्यंत प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर मी जायचे.

"तुम्हीच का त्या?" ताराआत्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आप्पांच्या या थोरल्या बहिणीने दुखणं सुरू झाल्यापासून त्यांच्या उशाशी बसणं सोडलं नव्हतं.

"कोण त्या?"

"सही करणाऱ्या. कोर्टात."

"हो," मी म्हणाले. शालन आणि मिलिंदच्या लग्नाला साक्षीदार म्हणून मी सही केली होती.

"मग बरोबर. पोरीला त्या घरात घालवायला तुम्ही, आन् आता सोबतीलाबी तुम्हीच."

"आत्या, ती माझी मैत्रीण आहे."

"मैत्रिणी लग्नाच्या आधीच्या असत्यात, बाई. आमच्या घरचं आम्ही बघतो. तुम्ही आपला डबा द्यायचा आन् जायचं."

मी डबा देत राहिले आणि गेले नाही.

शालनच्या माहेरी काय झालं होतं ते मला माहीत होतं. जातीबाहेरच्या लग्नाची बातमी कळली त्या दिवशी आप्पांनी मागच्या अंगणात शालनच्या नावाने आंघोळ केली होती. मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी, डोक्यावरून. पुढे तिची आई गेली, तेव्हा तिला तेरावं उलटून गेल्यावर कळवलं. मग इतक्या वर्षांनी एका सकाळी जयवंतचा फोन आला, "शालनताई, तुझा ब्लडग्रुप काय गं?"

ती लगेच निघाली. मी विचारलंही नाही का म्हणून. आप्पांनी तिला कोल्हापूरला सोडलं होतं तेव्हा एसटीत जागा नव्हती. तिची लोखंडी ट्रंक अख्खा रस्ता त्यांनी डोक्यावर धरली होती. हे ती मला पुन्हापुन्हा सांगायची.

आप्पा आमच्याशी बोलत नसत. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता आणि ती पिवळी नजर वॉर्डभर फिरायची. शालन उभी असेल तिकडे वळली की पलंगाच्या कठड्यापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. आधी मला वाटलं, आजाराने मान उचलत नसेल. पण जयवंत त्याच जागी उभा राहिला की नजर कठडा ओलांडून त्याच्या तोंडावर जायची.

पेल्याचं मला त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी कळलं. तेसुद्धा आपण होऊन नाही.

सकाळची नर्स चादर बदलत होती. मी कौतुकाने म्हणाले, "आप्पा पाण्याचं पथ्य चांगलं पाळतात. पेल्याला हातसुद्धा लावत नाहीत."

"पाळतात?" ती हसली. "अहो, सारखं पाणी पाणी करतात. त्या मोठ्या बाईंकडून दोनदा काढून घेतलं मी. तांब्या लपवून ठेवतात त्या उशीमागे."

मी उशीकडे पाहिलं. पितळी तांब्याची कड दिसत होती. कपाटावर शालनने भरलेला पेला होता. काचेला बुडबुडे होते.

मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने आप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली. आत्या उठल्या. पेला ओलांडून त्यांचा हात उशीमागे गेला. तांब्यातलं पाणी त्यांनी आप्पांच्या तोंडात धरलं आणि आप्पा घटाघटा प्याले. पेला त्यांच्या हातापासून वितीवर होता.

शालन जिन्याजवळ सापडली.

"पाणी," मी म्हणाले. "ते तुझ्या हातचं पीत नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला आत्ता दिसलं?"

"तुला केव्हापासून माहितीये?"

"पहिला पेला भरला तेव्हापासून."

"मग रोज कशाला भरतेस?"

"भरते आणि बघते."

"काय बघतेस?"

ती जिन्याच्या खिडकीतून खाली बघू लागली. खाली मिलिंद दिसत होता. त्याने वर पाहून हात केला. तिनेही केला.

"त्याला सांगितलंस?"

"तो म्हणेल, चल घरी. लगेच म्हणेल. आणि मग निर्णय त्याचा होईल, वैजू. आत्या गावभर सांगेल की जावयाने अडवलं."

मी मात्र गप्प राहू शकले नाही. जयवंत औषधं घेऊन येत होता, त्याला मी वॉर्डाच्या दारातच थांबवलं. हा गोरा, नीटनेटका, कधी आवाज न चढवणारा माणूस मला 'मॅडम' म्हणायचा, आणि ते मानाने नाही हे मला कळत होतं.

"जयवंत, तुमचाही गट जुळतो. तुमच्या तपासण्या का नाही केल्या?"

"मॅडम, दुकान आहे. शिवाय मुलगा लहान आहे."

"तिचीही मुलगी लहान आहे."

"तो घरचा कर्ता हाय," मागून आत्या आल्या. "एकुलता एक. त्याला काय झालं तर घर कुणी बघायचं?"

"आणि शालनला काही झालं तर?"

"तिला कशाला काय होतंय?" आत्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाल्या की, यकृत परत वाढतं म्हणून."

"मग जयवंतचंही वाढेल."

"तुम्ही भांडायलाच आलाय का हो?"

"मला एवढंच सांगा," मी म्हणाले. माझा आवाज वर गेला असावा, कारण पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली. "तिच्या हातचं पाणी चालत नाही आणि यकृत चालतं? कसं?"

मला वाटलं होतं त्या नाकारतील. निदान ओशाळतील. जयवंतने औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि शांतपणे म्हणाला, "यकृत डॉक्टर काढतात ना, मॅडम. ते काही तिच्या हातचं नसतं."

"आन् रक्त आमचंच हाय ते," आत्या म्हणाल्या. लहान मुलाला समजावून सांगावं तशा. "आप्पांचंच. हात तेवढा तिकडचा झाला."

एवढं सरळ उत्तर मला वर्गात क्वचितच मिळालं असेल. त्यात कुठे अडखळणं नव्हतं. मी मागे वळले तर शालन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आमच्या शेजारून आत गेली, कपाटावरचा पेला उचलला, रिकामा केला आणि पुन्हा रेघेपर्यंत भरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर नाडगौडांनी शालनला त्यांच्या खोलीत बोलावलं. अवयव देणाऱ्या प्रत्येक माणसाला, घरच्यांना बाहेर ठेवून, त्या एकट्याला भेटत. "ही राहू दे," शालन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली आणि डॉक्टरांनी मला खुर्ची दाखवली.

"तुमचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "यकृत निरोगी आहे, शिरांची ठेवण सोपी आहे. धोका कमी आहे. नाहीच असं मी कधीच म्हणत नाही. आता मला सांगा, तुम्ही हे मनापासून करताय का?"

शालनने टेबलावरची रिपोर्टांची फाईल स्वतःकडे ओढली.

"नसाल करत, तर इथे सांगा. बाहेर जाऊन मी एवढंच म्हणेन की तुमचं यकृत देण्याजोगं नाही. कारण विचारलं तरी सांगणार नाही. हे मी याआधीही केलंय. तुमच्यावर काही येणार नाही."

"आणि आप्पा?"

"मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तपासावं लागेल. वेळ कमी आहे, पण आठवडा आहे. त्यापुढे मला शब्द देता येणार नाही."

"मी संध्याकाळपर्यंत सांगू?"

"भूल देईपर्यंत सांगू शकता," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी तिला धरून बाकावर बसवलं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी जवळजवळ हसत होते. "बघ, सुटलीस. त्यांना सांग आणि चल. कुणाला काही कळणार नाही. जयवंतला झोपू दे टेबलावर."

"म्हणजे खोटं सांगायचं."

"डॉक्टर सांगतील. तू नाही. आणि या खोट्याने कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं यकृत खराब म्हणायचं."

"त्यांच्यापुरतं. काय फरक पडतो, शालन?"

"आत्या म्हणेल, त्या घरात जाऊन पोरीचं आतडंसुद्धा नासलं." तिने हातातल्या रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली. "म्हणेलच ती. मी ऐकतेय आत्तापासून."

"म्हणू दे."

"मला द्यायचं होतं, वैजू. पहिल्या दिवशी. तुझ्याकडे बॅग ठेवली तेव्हा मला वाटत होतं, आजच कापा."

"आणि आज?"

"आज काय ते अजून बघायचंय," ती म्हणाली आणि उठली.

दुपारी आत्यांनी ओटी भरायचं काढलं. पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची कोयरी असं सगळं निघालं. गावाहून निघतानाच बांधून आणलेलं असणार. आप्पांना उशांना टेकवून बसवलं होतं. जयवंत पायाशी उभा होता.

"साडी नेसायची होतीस गं," आत्या म्हणाल्या. "ओटी काय ओढणीत घेत्यात का?"

"ओढणीच आहे."

"बरं, धर." आत्यांचा सूर एकदम मऊ झाला होता. "माहेरची ओटी हाय. किती वर्षांनी, बघ. बापाला जीव देतीस, लक्ष्मी हाईस तू घराची. सगळं विसरायचं आता."

त्यांनी शालनला कुंकू लावलं. तांदळाच्या ओंजळी घातल्या, नारळ ठेवला. शालनने ओढणीची टोकं मुठीत धरली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी खिडकीला टेकून उभी होते. खाली चहाच्या गाडीपाशी मिलिंद कुणालातरी आगपेटी देत होता.

"ऑपरेशन झालं की गावाकडं या हां," जयवंत म्हणाला. "आठ दिवस राहा. म्हणजे, तू ये."

"मी एकटी?"

"सध्या तरी," तो म्हणाला.

आप्पा खोकले. कोरडा, घशात अडकलेला खोकला. "पाणी," ते म्हणाले.

आत्या उशीकडे वळल्या, पण तांब्या नव्हता. सकाळी नर्सने तो नेला होता. शालनने डाव्या मुठीत ओटी तशीच धरली, उजव्या हाताने कपाटावरचा पेला उचलला. काचेवरचे बुडबुडे एकदम वर आले. ती पलंगाच्या कठड्याशी गेली आणि तिने हात लांब केला.

"आप्पा, पाणी."

आप्पांची नजर कठड्यापर्यंत आली, तिथून पेल्यावर गेली. निळ्या रेघेवर थांबली.

"ठेव तिथं," आत्या म्हणाल्या. "मी देते."

"मीच देते."

"शालन, आजच्या दिवशी वाद नको गं."

"वाद नाही. पाणी देतेय." तिचा हात हलला नाही. "घ्या, आप्पा. एक घोट."

आप्पांचे ओठ फुटलेले होते. त्यांनी जीभ बाहेर काढून परत आत घेतली. मला वाटलं, घेतील. अजूनही मला तेव्हाचं आठवतं तेव्हा पुन्हा वाटतं, घेतील. त्यांचा हात चादरीवरून थोडा उचललाही गेला. आजाराने तो थरथरत होता, पंख फडफडल्यासारखा. मग तो पुन्हा चादरीवर पडला.

"जया," ते म्हणाले, "तिला म्हणावं, ठेव."

इतक्या दिवसांत तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले होते.

जयवंत पुढे झाला. "दे ताई, मी पाजतो. तू सोड."

शालनने पेला सोडला नाही. दोघांची बोटं काचेवर होती. थोडं पाणी सांडून आप्पांच्या चादरीवर डाग पडला. जयवंतने हात काढून घेतला.

"अगं, काय मांडलंयस हे?" आत्यांचा मऊपणा गेला होता. "मरायला टेकलेल्या माणसापुढं? उद्या आत जायचंय त्याला. पाण्यासाठी अडून बसायचं वय हाय का तुझं?"

"माझं नाही, आत्या."

"मग ठेव की खाली!"

शालनने पेला स्वतःच्या तोंडाला लावला. सावकाश, न थांबता ती सगळं पाणी प्याली. रिकामा पेला तिने कपाटावर ठेवला. मग ओढणीची मूठ सोडून नारळ काढला आणि पेल्याशेजारी ठेवला. तांदूळ तिच्या पायांवर सांडले. आत्या ओरडल्या, "अगं, ओटी!" आणि खाली वाकल्या.

मी दोन पावलं पुढे गेले. तिच्या दंडाला धरून मी हळूच म्हणाले, "चल, डॉक्टरांकडे जाऊ. त्या सांगतील. चल."

तिने माझा हात काढला. ढकलून नाही. नीट, बोट बोट सोडवून.

"आप्पा," ती म्हणाली, "डॉक्टर मला म्हणाल्या, द्यायचं नसेल तर त्या तुम्हाला सांगतील, हिचं यकृत चालत नाही. तसं त्यांनी सांगायला नको. कुणी म्हणायला नको, हिच्यात काही खराबी होती." तिचा आवाज एम. एस्सी.च्या तोंडी परीक्षेत असायचा तसाच होता, कोरडा आणि स्पष्ट. "माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. यकृत निरोगी आहे."

पिवळी नजर कठड्यावरून उचलली गेली. वर आली आणि तिच्या तोंडावर टेकली.

"मी देणार नाही."